गोव्याच्या इन्क्विझिशनआधीची तीनशे वर्षं: कॅथरांचा छळ कसा झाला

गोव्यातल्या इन्क्विझिशनवरून, म्हणजे धर्मविरोधी मतं शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयावरून, दर काही वर्षांनी वाद पेटतो. कुणी जुन्या गोव्यातल्या हातकातरो खांबाचा विषय काढतं, कुणी फ्रान्सिस झेवियरनं १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्राचा. या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला राहतो: ही पद्धत मुळात आली कुठून? साक्षीदाराचं नाव आरोपीला कळू द्यायचं नाही, आरोप न सांगताच कबुली मागायची, घरदार जप्त करायचं आणि जाळण्याचं काम सरकारी अधिकाऱ्याकडे सोपवायचं, यातलं काहीच गोव्यात पहिल्यांदा घडलं नव्हतं. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं ते पोर्तुगालमधल्या १५३६ च्या इन्क्विझिशनच्या धर्तीवर. पोर्तुगालसमोर स्पेनचं १४७८ चं उदाहरण होतं. आणि स्पेनच्याही मागे गेलं की आपण १२३० च्या दशकात, दक्षिण फ्रान्समध्ये पोहोचतो.

तिथे ज्यांची चौकशी झाली ते कॅथर स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती मुळापासून सांगतो. वीस वर्षांच्या युद्धानं जे साधलं नाही, ते पुढच्या काही दशकांत प्रश्नोत्तरांच्या वह्यांनी साधलं. या सगळ्या इतिहासात मला तेच सर्वांत भयंकर वाटतं.

हे लोक होते कोण?

तुलूझ, आल्बी, कार्कासोन, फ्वा या गावांच्या आसपासच्या प्रदेशाला लांगदोक म्हणतात. बाराव्या शतकात तिथली भाषा ऑक्सितान होती, पॅरिसच्या फ्रेंचपेक्षा बरीच वेगळी. फ्रान्सच्या राजाची सत्ता नावापुरती होती. खरा कारभार तुलूझचे काउंट आणि त्यांच्याशी सतत भांडणारे लहानमोठे सरदार चालवत.

या मुलखात साध्या कपड्यांत, जोडीजोडीनं फिरणारे उपदेशक होते, पुरुष आणि बायकाही. लोक त्यांना ‘भली माणसं’, ‘भल्या बाया’ म्हणत. ‘कॅथर’ हे नाव बाहेरच्यांनी चिकटवलेलं. आल्बी गावावरून त्यांना ‘आल्बिजेन्सियन’ही म्हणत. मी सोयीसाठी कॅथर हेच नाव वापरतो.

त्यांच्या शिकवणीचा गाभा असा होता: हे दुःखानं, रोगानं, मृत्यूनं भरलेलं जग चांगल्या देवानं निर्माण केलेलं असणं शक्य नाही. देवानं आत्मे निर्माण केले. माती, शरीर, मांस ही दुसऱ्या, दुष्ट शक्तीची करणी. आत्मा शरीरात अडकलेला आहे आणि सुटका होईपर्यंत तो एका देहातून दुसऱ्या देहात जात राहतो. त्यामुळे पाण्याचा बाप्तिस्मा, क्रूसाची पूजा, मिस्सा या चर्चमधल्या उपासनेतली भाकर ख्रिस्ताचं शरीर होते ही श्रद्धा, हे सगळं त्यांना अमान्य होतं.

सुटकेचा मार्ग एकच, कोन्सोलामेंत नावाचा दीक्षाविधी. डोक्यावर योहानाचं शुभवर्तमान ठेवायचं, दीक्षितांनी, म्हणजे आधीच दीक्षा घेतलेल्या भल्या माणसांनी, हात ठेवायचे, प्रार्थना म्हणायची. त्यानंतर मांस, अंडी, दूध, चीज वर्ज्य (मासे चालत), शरीरसंबंध वर्ज्य, खोटं बोलणं, शपथ घेणं आणि कुणाचाही जीव घेणं वर्ज्य. इतकं कडक व्रत फार थोड्यांना जमे. बहुतेक लोक मरणशय्येवर दीक्षा घेत. तोवर ते लग्न करत, मांस खात, रविवारी चर्चमध्येही जात. दीक्षित भेटले की तीनदा वाकून आशीर्वाद मागायचा, त्यांना जेवण आणि रात्रीचा आसरा द्यायचा, एवढंच सामान्य माणसाचं कर्तव्य. हे वाकणं लक्षात ठेवा. पुढे तोच गुन्ह्याचा पुरावा झाला.

चर्चला एवढं घाबरण्यासारखं काय होतं?

चर्चच्या लेखी हे पाखंड होतं. पाखंड म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या माणसानं चर्चच्या मान्य शिकवणीविरुद्ध धरलेलं आणि समजावूनही न सोडलेलं मत. परधर्मीय पाखंडी ठरत नसे. पाखंडी आतला असावा लागे.

पण निव्वळ मतभेदासाठी एवढं मोठं युद्ध होत नाही. लांगदोकमधल्या अनेक बिशपांची प्रतिष्ठा घसरलेली होती आणि गरिबीत राहणारा, कष्ट करून खाणारा उपदेशक लोकांच्या डोळ्यांत भरत होता. सरदारांच्या घरातल्या बायका दीक्षा घेत होत्या. फ्वाच्या काउंटची बहीण एस्क्लारमोंद हिनं १२०४ मध्ये जाहीर समारंभात दीक्षा घेतली. घरातलीच बाई ‘भली बाई’ झाल्यावर तिचा भाऊ तिला पकडून देईल कसा?

शपथेचा मुद्दाही साधा नव्हता. त्या काळची सगळी राज्यव्यवस्था शपथेवर उभी होती. सरदार राजाला, कूळ जमीनमालकाला, साक्षीदार न्यायालयाला बांधला जाई तो शपथेनंच. शपथ पाप आहे म्हणणारा माणूस राज्यकर्त्यांनाही धोकादायक वाटायचा. ११९९ मध्ये पोप इनोसंट तिसरा यानं पाखंडाला राजद्रोहाच्या पंक्तीला बसवलं. त्या आदेशामुळे पाखंड्याची मालमत्ता जप्त करायला कायद्याचा आधार मिळाला.

आधी समजावण्याचे प्रयत्नही झाले. ११४५ मध्ये क्लेअरव्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड या भागात प्रवचनं करून गेला. १२०६ पासून दोमिनिक नावाचा स्पॅनिश धर्मगुरू अनवाणी फिरून वादविवाद करत होता. त्यानंच पुढे दोमिनिकन संघ स्थापला. फार कुणी बदललं नाही. १४ जानेवारी १२०८ रोजी पोपचा दूत पिएर द कास्तेलनो याचा खून झाला. संशय तुलूझचा काउंट रेमों सहावा याच्यावर गेला आणि पोपनं क्रुसेड, म्हणजे धर्मयुद्ध, पुकारलं. जेरुसलेमला जाणाऱ्यांना पापांच्या शिक्षेतून जी सूट मिळे तीच सूट इथे, आणि त्यासाठी चाळीस दिवसांची चाकरी पुरेशी. शिवाय जिंकलेली जमीन.

बेझिये, २२ जुलै १२०९

मारिया माग्दालेनाच्या सणाच्या दिवशी फौज बेझिये शहरापाशी होती. बिशपनं दोनशेहून अधिक पाखंड्यांची यादी पुढे केली आणि शहरातल्या कॅथलिकांना सांगितलं, यांना स्वाधीन करा, नाहीतर बाहेर पडा. शहरानं नकार दिला. शेजाऱ्याला पकडून देणं त्यांना मान्य नव्हतं. त्या नकारासाठी मला बेझियेच्या लोकांबद्दल अतोनात आदर वाटतो.

वेशीपाशी चकमक उडाली आणि फौज आत घुसली. चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्यांनाही सोडलं नाही. फौजेचं धार्मिक नेतृत्व करणारा मठाधिपती आर्नो आमालरिक यानं पोपला कळवलं की वय, लिंग, दर्जा न बघता सुमारे २०,००० लोक मारले गेले. आकडा फुगवलेला असावा, कारण शहरच तेवढं मोठं नव्हतं. पण तो अभिमानानं कळवला होता, हे विसरता येत नाही.

“सगळ्यांना मारा, आपले कोण ते देव ओळखेल” हे वाक्य याच आमालरिकच्या तोंडी घातलं जातं. ते पहिल्यांदा लिहिलं जर्मनीतल्या एका मठवासीयानं, घटनेनंतर दहाएक वर्षांनी आणि ऐकीव म्हणून. आमालरिक तसं बोलला असेलच असं नाही. त्याचं स्वतःचं पत्र मात्र पुरेसं बोलकं आहे.

पुढची वर्षं अशीच गेली. १२१० मध्ये मिनेर्व्हला सुमारे १४० दीक्षितांना जाळलं. १२११ मध्ये लाव्होरला तीनचारशे जणांना जाळलं, आणि ज्या बाईनं त्यांना आसरा दिला होता त्या गावच्या मालकिणीला, गिरोदला, विहिरीत टाकून वरून दगड लोटले.

हे धर्मासाठी होतं की जमिनीसाठी?

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. फौजेचा सेनापती सिमों द मोंफोर हा पॅरिसजवळचा मध्यम दर्जाचा जमीनदार होता. कार्कासोन पडल्यावर तिथली गादी त्याला मिळाली. तो मनापासून धार्मिकही होता, आणि त्याचं साम्राज्य वाढतही होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

१२१३ मध्ये म्युरेच्या लढाईत आरागोनचा राजा पेरे दुसरा लांगदोकच्या बाजूनं लढताना मारला गेला. हा राजा पाखंडी मुळीच नव्हता. आदल्याच वर्षी स्पेनमध्ये मुस्लिम फौजेविरुद्धच्या मोठ्या विजयात तो अग्रभागी होता. तरी इथे तो आपल्या मांडलिकांना आणि सोयऱ्यांना वाचवायला उतरला. १२१८ मध्ये तुलूझच्या वेढ्यात यंत्रातून सुटलेला धोंडा डोक्यात बसून मोंफोर ठार झाला. मग फ्रान्सचा राजा स्वतः उतरला आणि १२२९ मध्ये पॅरिसचा तह झाला. तुलूझच्या काउंटनं आपली एकुलती मुलगी राजाच्या भावाला द्यायची, असं ठरलं. ते जोडपं १२७१ मध्ये निपुत्रिक वारलं आणि सगळा प्रदेश राजाच्या घशात गेला.

आज पर्यटकांना ‘कॅथर किल्ले’ म्हणून जे डोंगरी किल्ले दाखवतात, त्यांचं बहुतेक बांधकाम या विजयानंतर फ्रान्सच्या राजांनी केलेलं आहे. ती जिंकणाऱ्यांची ठाणी आहेत.

आणि कॅथर? वीस वर्षांच्या युद्धानंतरही ते होतेच. तळघरांत, रानात, ओळखीच्या घरांत.

युद्ध थांबलं, वह्या उघडल्या

१२२९ मध्येच तुलूझला धर्मसभा भरली. गावोगावी एक पाद्री आणि दोनतीन गावकरी यांनी घरं, तळघरं, माळे धुंडाळायचे, पाखंडी सापडेल ते घर पाडायचं, चौदा वर्षांवरचे मुलगे आणि बारा वर्षांवरच्या मुली यांनी पाखंडाविरुद्ध शपथ घ्यायची, असे नियम झाले. १२३३ मध्ये पोप ग्रेगरी नववा यानं दोमिनिकन धर्मगुरूंवर तपासाचं काम सोपवलं. इन्क्विझिशन म्हणजे हाच तपास. आधीच्या पद्धतीत कुणीतरी फिर्याद करावी लागे आणि फिर्याद खोटी ठरली तर फिर्यादीला भोगावं लागे. आता फिर्यादीची गरज उरली नाही. न्यायाधीशच तपास करणार, तोच आरोप ठेवणार आणि तोच निकाल देणार.

गावात आल्यावर हे तपास करणारे धर्मगुरू, म्हणजे इन्क्विझिटर, आधी सवलतीची मुदत जाहीर करत. या दिवसांत स्वतःहून येऊन सगळं सांगाल तर शिक्षा सौम्य. पण ‘सगळं’ म्हणजे इतरांबद्दलही. मग प्रश्न ठरलेले: भल्या माणसांना कधी पाहिलंस? कुठे? सोबत कोण होतं? वाकलास का? आणखी कोण वाकलं? त्यांनी आशीर्वाद दिलेली भाकरी खाल्लीस? त्यांना काही दिलंस? देव, आत्मा, जग याबद्दल तुझं मत काय, हे फार क्वचित विचारलं जाई.

यातली ताकद कळायला लग्नातली आहेराची वही आठवा. कोण आलं, कुणी काय दिलं याची निरुपद्रवी नोंद. आता एका गावातल्या प्रत्येक घराची अशी वही एका परक्या अधिकाऱ्यानं गोळा केली आणि शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर कोण कुणाच्या जवळचं, कोण कुठे गेलं नाही म्हणून खोटं बोलतंय, हे त्याला गावापेक्षा जास्त कळेल. इन्क्विझिटरांनी हेच केलं, फक्त वही लोकांच्या तोंडून लिहून घेतली. १२४५ आणि १२४६ मध्ये बेर्नार द को आणि जां द सें-पिएर या दोघांनी तुलूझच्या आसपासच्या गावांतल्या ५,००० हून अधिक लोकांना एकेक करून बोलावलं. त्या जबान्यांची प्रत तुलूझच्या ग्रंथालयात आजही आहे. तीस वर्षांपूर्वी कुणाच्या ओसरीवर कोण वाकलं, हे तीत आहे.

साक्षीदाराचं नाव आरोपीला सांगत नसत. कारण असं दिलं जाई की साक्षीदारांचे खून होतात, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. १२४२ मध्ये आव्हिन्योने गावात दोन इन्क्विझिटर आणि त्यांचे सहकारी मारले गेले. मारेकरी कॅथरांना आसरा देणाऱ्या मोंसेगूरच्या गडावरून आले होते. मग त्या गडाला दहा महिने वेढा पडला. शरणागतीनंतर मत सोडणाऱ्यांना अभय होतं. १६ मार्च १२४४ रोजी दोनशेहून अधिक जणांनी मत सोडायला नकार दिला आणि ते आगीत गेले. त्यांतल्या वीसेक जणांनी शेवटच्या तहाच्या दिवसांत, पुढे काय होणार हे ठाऊक असताना, दीक्षा घेतली होती.

मग सगळ्यांनाच जाळलं का?

नाही, आणि चर्चची बाजू मांडणारे हे आवर्जून सांगतात. त्यांचं म्हणणं आकड्यांपुरतं बरोबर आहे. १२४६ च्या उन्हाळ्यातल्या ज्या २०७ शिक्षांची नोंद उरली आहे, त्यांत २३ जणांना कैद आणि १८४ जणांना कपड्यांवर पिवळे क्रूस लावून फिरण्याची शिक्षा आहे. १३०७ ते १३२३ या काळात तुलूझचा इन्क्विझिटर असलेल्या बेर्नार गी यानं सहाशेहून अधिक लोकांना शिक्षा दिल्या. जिवंत जाळायला सोपवलेले त्यांत चाळीसच्या आसपास.

पण आकडा लहान म्हणून छळ सौम्य, हे मला पटत नाही. पिवळा क्रूस अंगावर असलेल्याला काम कोण देणार, त्याच्या मुलीशी लग्न कोण करणार? घर जप्त झालं की मुलंही रस्त्यावर. मेलेलेही सुटत नसत. त्यांची हाडं उकरून, गावभर मिरवून जाळली जात आणि वारसांची मालमत्ता जाई. १२५२ मध्ये पोप इनोसंट चौथा यानं कबुलीसाठी यातना द्यायलाही परवानगी दिली. पाचशे लोकांना वठणीवर आणायला एकाला जाळणं पुरत होतं, म्हणून एकाला जाळलं.

१२३४ मध्ये तुलूझला घडलेला एक प्रसंग गिलोम पेलिसों या दोमिनिकन धर्मगुरूनंच लिहून ठेवला आहे, कौतुकानं. संत दोमिनिकच्या सणाचा दिवस होता. एक म्हातारी मरायला टेकली आहे आणि ती पाखंडी आहे, असं बिशपला कळलं. तो तिच्या उशाशी जाऊन बसला. तिला वाटलं, आपल्याच पंथाचा बिशप आला आहे. तिनं मनातलं सगळं सांगितलं. तिला खाटेसकट उचलून नेऊन जाळण्यात आलं. मग सगळे परत आले आणि देवाचे आभार मानून जेवायला बसले.

घरातल्या नात्यांचं काय झालं, याचं उदाहरण आर्नो सिक्र. त्याच्या आईला पाखंडी म्हणून जाळलं होतं आणि घर जप्त झालं होतं. ते परत मिळावं म्हणून तो पामियेचा बिशप झाक फुर्निये याचा हेर बनला. स्पेनमध्ये लपलेल्या गिलेम बेलिबास्त या दीक्षिताचा विश्वास त्यानं संपादन केला, आजारी आत्याची आणि बहिणीची भेट घडवतो सांगून त्याला बाहेर काढलं आणि पकडून दिलं. १३२१ मध्ये बेलिबास्तला जाळलं. लांगदोकमधला ज्ञात असलेला तो शेवटचा दीक्षित.

पुनर्जन्म आणि मांस वर्ज्य, म्हणजे हे भारतातून गेलं का?

आपल्या वाचकाच्या मनात हे येणारच. पण भारताशी संबंध दाखवणारा पुरावा नाही. कॅथरांच्या जवळचे नातलग बाल्कन प्रदेशातले बोगोमिल. दहाव्या शतकात बल्गेरियात हा पंथ सुरू झाला आणि त्यांचंही म्हणणं असंच होतं. कॅथर मांस टाळत ते मुख्यतः ते शरीरसंबंधातून निपजतं म्हणून. सगळे आधारही ते बायबलमधूनच देत.

असा पंथ नव्हताच, असंही काही इतिहासकार म्हणतात, ते?

म्हणतात, आणि गेल्या काही दशकांतला हा सर्वांत गंभीर वाद आहे. त्यांचा युक्तिवाद असा: आपल्याला कॅथर दिसतात ते बहुतेक चौकशी करणाऱ्यांच्या कागदांतून. स्थानिक, सैल, घरगुती श्रद्धांना धर्मगुरूंनी पुस्तकी चौकटीत बसवलं आणि मग तो संघटित पंथ म्हणून छळला. दुसरी बाजू दाखवते की पंथाचे स्वतःचे काही ग्रंथ आणि विधींच्या पोथ्या उरल्या आहेत, त्यांतली एक ऑक्सितानमध्ये. माझा कल मधला आहे. दीक्षित होते, विधी होता, पण गावातल्या बहुतेकांना कोणत्या पंथात आहोत हा प्रश्नच पडलेला नव्हता. भला माणूस दारात आला, त्याला जेवू घातलं. त्याला पंथ हे नाव इन्क्विझिशननं दिलं.

फुर्नियेची १३१८ ते १३२५ ची वही वाचताना हे फार जाणवतं. मोंताइयू या डोंगरातल्या गावची बेआत्रिस द प्लानिसोल हिच्या सामानात नातवांच्या नाळेचे वाळलेले तुकडे सापडले. खटला जिंकायला ते उपयोगी पडतात असं तिला कुणी सांगितलं होतं, म्हणून तिनं ठेवले होते. आपल्या आजीपणजीच्या कनवटीला सापडलं असतं तसं हे. तिला त्याचा खुलासा बिशपपुढे द्यावा लागला. ती कैदेत गेली आणि १३२२ मध्ये पिवळे क्रूस लावून सुटली. फुर्निये १३३४ मध्ये पोप झाला, म्हणून त्याची वही व्हॅटिकनमध्ये जपली गेली. गोव्याच्या इन्क्विझिशनचे बहुतेक कागद १८१२ नंतर नष्ट झाले, त्यामुळे तिथल्या माणसांचे असे आवाज आपल्यापर्यंत फार कमी पोहोचले.

चर्चनं माफी मागितली का?

२००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी केलेल्या हिंसेबद्दल क्षमा मागितली. त्यात कॅथरांचं नाव नव्हतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये पामियेचे बिशप मोंसेगूरला गेले आणि त्यांनी कॅथरांच्या छळाबद्दल क्षमायाचना केली.

त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१५ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी इटलीतल्या तोरिनो शहरात वॉल्डेन्सियन लोकांची क्षमा मागितली होती. हा लियोंच्या वाल्देस नावाच्या व्यापाऱ्यापासून सुरू झालेला बाराव्या शतकातलाच दुसरा पंथ. फुर्नियेनं ज्या पाच जणांना जाळलं त्यांतले चार याच पंथाचे होते. आल्प्सच्या खोऱ्यांत लपून हा पंथ टिकला आणि पुढे प्रोटेस्टंट झाला. त्यांच्या सभेनं पोपना उत्तर पाठवलं: तुमचे शब्द आम्ही मनापासून स्वीकारतो, पण ज्यांनी रक्तानं किंमत मोजली त्यांच्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. मोंसेगूरच्या माफीला असं उत्तर देणारी कॅथरांची कोणतीही सभा अस्तित्वात नाही. तो पंथ चौदाव्या शतकातच संपला.